नकार द्या, पण लेखी द्या : सोलापूरच्या जिल्हास्तरीय समितीला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, आणि कृषी विभाग, अग्रणी बँक, जिल्हा उद्योग केंद्र व उमेद अभियानाचे समितीवरील सर्व सदस्य,
सोलापूर.

विषय : अनुदानाच्या योजना अल्पभूधारक शेतकरी आणि लहान अन्नप्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोचण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी मंगळवेढा तालुक्यात बचत गटांची दप्तरं लिहिते. गटातल्या बाया कडक भाकरी, शेंगाचटणी, पापड, शेवया करतात. त्यांच्या घरी ज्वारी, तूर, कुठे डाळिंब पिकतं. योजनांचे अर्ज भरायला ही माणसं माझ्याकडे येतात, त्यामुळे कागद कुठे अडतो ते मला जवळून दिसतं.

आपल्या बैठकीत तालुकावार तक्ता समोर येतो. आलेले अर्ज, मंजूर, नामंजूर, प्रलंबित. मला बोलायचं आहे ते या चारही रकान्यांत न सापडणाऱ्या माणसांबद्दल. माझ्या पाहण्यातले बहुतेक अर्ज नामंजूर झालेले नाहीत. ते दाखलच झाले नाहीत. बँकेच्या काउंटरवर, सेवा केंद्राच्या खुर्चीसमोर, तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर ते तोंडी परत गेले आणि त्याची नोंद कुणाकडेच नाही. जे मोजलंच गेलं नाही त्यावर आपण उपाय तरी कसा करणार? म्हणून हे पत्र.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचंच उदाहरण घेते, कारण आमच्या बायांच्या कामाला सर्वांत जवळची योजना तीच. २०२० साली १० हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने ती आली, पाच वर्षांसाठी, आणि नंतर २०२५-२६ पर्यंत तिची मुदत वाढली. पुढे तिचं नाव काहीही राहो, रचना अशीच राहणार असं दिसतं. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. बाकी बँकेचं कर्ज.

गावात या योजनेची बातमी "३५ टक्के सरकार देतंय" एवढीच पोचते. प्रत्यक्षात हे अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. समजा, एका बाईला भाकरीचं यंत्र, पीठ मळायचं यंत्र आणि पिशवी सील करायचं यंत्र मिळून २ लाखांचं काम करायचं आहे. तिने २० हजार घालायचे, बँकेने १ लाख ८० हजार द्यायचे, आणि सरकारचे ७० हजार बँकेत तिच्या कर्जखात्याशी जोडून ठेवायचे. तीन वर्षं तिचं खातं नियमित राहिलं की ते कर्जात वळते होतात. रचनेबद्दल माझी तक्रार नाही, उलट त्या ७० हजारांवर तिला व्याज लागत नाही ही चांगली गोष्ट आहे. पण याचा अर्थ असा की शासनाने दिलेल्या अनुदानाची किल्ली शासनाकडे नाही. ती शाखा व्यवस्थापकाच्या टेबलावर आहे. बँकेने कर्ज दिलं नाही तर अनुदान नाही, मग योजनेचं माहितीपत्रक कितीही सुंदर छापलेलं असो.

आणि त्या टेबलावर काय होतं?

आमच्या गटातली एक बाई कांडप यंत्रासाठी एका शाखेत गेली. घरी उखळात शेंगा कुटून ती चटणी करते, तिचा माल सोलापुरातल्या दुकानांत जातो, गटाचं कर्ज तिने कधी थकवलेलं नाही. तिला सांगितलं, "सध्या टार्गेट संपलंय, मार्चनंतर या." मार्चनंतर गेली तर साहेब बदललेले. नवे साहेब म्हणाले, "आधीचे पेपर माझ्याकडे नाहीत." पुढच्या वेळी सांगितलं की जागा नावावर नाही, तारण काय देणार. मग म्हणाले, सिबिल दिसत नाही. या सगळ्यात तिच्या हातात एकही कागद पडला नाही. तिला कुणी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. अखेर तिने खासगी फायनान्सकडून पैसे उचलले. ते लोक दारात येतात आणि आठवड्याच्या हप्त्याने वसूल करतात. त्यांचा व्याजदर किती आहे हे समितीतल्या बँकवाल्यांना मी सांगायला नको.

तिला दिलेल्या एकाही कारणाला नियमांचा आधार नव्हता. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश २०१० पासून आहेत. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला केवळ मागचा कर्जइतिहास नाही म्हणून परत पाठवू नये, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. शेतीकर्जाला विनातारण मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाख झाली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, कर्ज नाकारलं तर कारण लेखी कळवायचं, हे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये लहान कर्जदारांसाठी आणि २००७ पासून सगळ्याच कर्जांसाठी सांगून ठेवलेलं आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही. जे लिहिलेलं आहे ते काउंटरवर उतरवा, एवढंच माझं मागणं आहे.

यात एक पळवाट आहे आणि तिच्याकडे मी आपलं मुद्दाम लक्ष वेधते. लेखी कारण द्यायचं ते अर्ज घेतल्यावर. अर्जच घेतला नाही तर कारण द्यायचा प्रश्न येत नाही. म्हणून पहिली पायरी पोचपावतीची. योजनेची चौकशी करायला आलेल्या प्रत्येकाची साध्या वहीत नोंद व्हावी : तारीख, नाव, काय मागितलं, काय सांगितलं. त्याची एक चिठ्ठी त्या माणसाच्या हातात. शाखेचा शिक्का. बस्स. अग्रणी बँकेने, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेने, ही वही सर्व शाखांना लागू केली आणि दर तिमाहीच्या बैठकीत आपण ती मागवली, तर आपल्या तक्त्यात पाचवा रकाना तयार होईल. माझी खात्री आहे, तो रकाना बाकी चारांपेक्षा मोठा निघेल.

बँकेतल्या माणसांना मी खलनायक ठरवत नाही. आमच्या भागातल्या शाखांत दोन-तीन माणसं असतात, समोर पीककर्जाची, पेन्शनची, लाडक्या बहिणीची रांग. २ लाखांच्या फाइलला तेवढाच कागद लागतो जेवढा २० लाखांच्या फाइलला, आणि कर्ज थकलं तर उत्तर शाखेतल्या साहेबालाच द्यावं लागतं. तो मोठ्या फाइलकडे वळतो यात नवल नाही. म्हणूनच लहान रकमेची फाइल हलकी करणं हे आपलं काम आहे. ३ लाखांच्या आतल्या प्रकल्पासाठी दोन पानी, मराठी, छापील अहवाल चालेल असं ठरवा. कडक भाकरी, शेंगाचटणी, पापड-कुरडई, बेदाणा, गूळ, अनारदाणा, डाळमिल, असे आपल्या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा येणारे उद्योग मोजकेच आहेत. प्रत्येकाचा नमुना कृषी विभागाने एकदा तयार करावा, यंत्राची किंमत आणि कच्च्या मालाचा दर तेवढा बदलायचा. आज याच भाकरीसाठी पाच वर्षांचा ताळेबंद इंग्रजीत करून घ्यायला बाया पैसे मोजतात, आणि त्यात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. मग साहेब विचारतात, "तुमचा ब्रेक-इव्हन किती?" ती गप्प बसते. तिला विचारा, किलोभर ज्वारीत किती भाकरी होतात, सरपण किती लागतं, कडक करताना किती तुटतात, दुकानदार उधारी किती दिवस ठेवतो. ती न थांबता सांगेल.

अर्ज मोफत भरून देण्यासाठी योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत. त्यांना मानधन प्रकरणामागे २० हजार रुपये, तेही कर्ज मंजूर झाल्यावर निम्मे आणि उद्योग उभा राहून नोंदण्या झाल्यावर निम्मे. जे प्रकरण अडलं त्याचं काहीच नाही. अशा वेळी कोणता माणूस सालगड्याच्या बायकोची फाइल आधी हातात घेईल? ज्याच्याकडे जागा, सिबिल आणि विजेचं कनेक्शन तयार आहे त्याचीच घेणार. काही जण फार मनापासून काम करतात, मी त्यांना ओळखते. पण पद्धतच अशी असेल तर मनापासून करणाऱ्याला तोटा सोसावा लागतो. राज्य पातळीवर हा नियम बदलायला वेळ लागेल. तोवर जिल्ह्यात एवढं करता येईल : पहिल्यांदा कर्ज घेणारी, नावावर मालमत्ता नसलेली अशी प्रकरणं वेगळी मोजा आणि ती किती पुढे सरकली याचा आढावा घ्या.

आता नावाचा प्रश्न. वरवर हा क्षुल्लक दिसतो, पण सर्वांत जास्त अर्ज इथेच गळतात. बाईचं आधार सासरच्या नावाने, शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, पॅन कार्डावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, बँक पासबुकावर मधलं नावच नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा आणि मुलगा पुण्यात कामाला. ओटीपी त्याच्याकडे जातो, तो ड्युटीवर असतो, तेवढ्यात वेळ संपते. घर सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा तिचा नाही. सासरे वारले असतील तर वारसनोंद नाही. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, आणि एक दीर भिवंडीत तर दुसऱ्याशी बोलणं नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेकडच्या गावांत घरची भाषा कन्नड, तिथे तर नावाचा उच्चारच तीन कार्यालयांत तीन तऱ्हेने लिहिलेला. पोर्टल यातलं काही ऐकून घेत नाही. लाल अक्षरात चूक दाखवतं आणि थांबतं.

वाट्याने शेती करणाऱ्यांचं तर विचारूच नका. २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीवर मिळतो. दुसऱ्याचं रान अर्ध्या वाट्याने कसणारा, बी-बियाणं स्वतः घालणारा माणूस त्या नोंदीत कुठेच नसतो. बाईचं नाव सातबारावर लागावं म्हणून आपल्या राज्यात लक्ष्मीमुक्तीची तरतूद तीस वर्षांहून जास्त काळ आहे, पण आमच्या भागातल्या किती घरांत ती झाली हे तलाठ्यांकडून एकदा मागवून पाहाच.

महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या योजनांत अडचण वेगळी आहे. ठिबकला अल्पभूधारकाला राज्याच्या पूरक अनुदानासह ८० टक्क्यांपर्यंत मदत आहे, अवजारांना आहे, पण आधी खरेदी करा, बिल चढवा, मोका तपासणी होऊ द्या, मग पैसे खात्यावर. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्यालाच हे परवडतं. बाकीचे दुकानदाराकडून उधार घेतात, तो उधारीचा दर लावतो, आणि अनुदानातला मोठा घास तिथेच जातो. अनुदान उशिरा आलं की राहिलेलाही जातो. २०२५ मध्ये सोडत बंद होऊन प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य असं झालं. नशिबापेक्षा हे बरं, हे मान्य. पण पहिला अर्ज कुणाचा पोचतो? ज्याच्या घरी नेट चालतं त्याचा. हातात कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर गेलेल्या कुटुंबाचा नव्हे.

यावर एक उपाय जिल्ह्याच्या हातात आहे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी निधी राखलेला असतो. त्यातून प्रभागसंघांकडे, म्हणजे गावोगावच्या बचत गटांच्या संघांकडे, फिरता निधी द्या. पूर्वसंमती मिळालेल्या शेतकऱ्याला किंवा गटाला प्रभागसंघ खरेदीपुरती रक्कम उचलून देईल, अनुदान आलं की ती परत येईल. पैसे बुडतील अशी भीती कुणी काढेल, तर बचत गटांची परतफेड कशी आहे हे आपल्याच अग्रणी बँकेच्या कागदांतून काढून पाहावं. अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल संघामार्फत देण्याची सोय आहेच. पैसे संघाकडून सदस्याला, सदस्याकडून परत संघाला, हे बायांना सवयीचं आहे. तीच वाट शेतकऱ्यासाठी रुंद करायची.

अंतराचंही बोलते. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. एका सहीसाठी तिथून येणाऱ्या माणसाचा दिवसाचा रोजगार जातो, एसटीचं भाडं जातं, आणि साहेब मीटिंगला गेलेले असले तर पुन्हा तेच. हे टाळायला आपण शिबिरं घेता. मी अशा शिबिरांना गेले आहे. स्टेज, सत्कार, भाषणं, योजनांची माहिती, शेवटी फोटो. माहिती आता मोबाइलवरही मिळते, आम्हाला सही हवी आहे. तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, महिन्यातून एकदा, एका खोलीत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, बँकेचा अधिकारी, अन्न परवान्याचा माणूस, आधार दुरुस्तीचं यंत्र आणि महावितरणचा माणूस एकत्र बसवा. आलेल्या माणसाची फाइल त्याच दिवशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊ द्या. लहान उद्योगाच्या अन्न नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, पण त्या शंभरासाठी बाया मध्यस्थाला कितीतरी जास्त देतात, कारण अर्ज कुठे करायचा हेच कुणी दाखवलेलं नसतं.

अर्ज सोपे केले की खोटे लाभार्थी घुसतील, असा आक्षेप आपल्यापैकी कुणीतरी घेईल आणि तो बिनबुडाचा नाही. एकाच यंत्राचे तीन ठिकाणी फोटो काढलेले आम्हीही ऐकलं आहे. पण ज्याला खोटं करायचं असतं त्याचे कागद सर्वांत नीट असतात. कागद वाढवून तो अडत नाही, खरी बाई अडते. मंजूर झालेल्यांची यादी, यंत्र आणि रकमेसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि ग्रामसभेत वाचा. कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र चालू आहे आणि कुणाचं पोत्याखाली झाकलेलं आहे, हे गावाला तपासनीसापेक्षा आधी कळतं.

उशिराबद्दल एक सांगायचं राहिलं. अन्नाच्या धंद्याला हंगाम असतो. हुरडा मार्गशीर्ष-पौषात, पापड-कुरडया उन्हाळ्यात, आणि पंढरपुरात आषाढीला लाखो माणसं येतात तेव्हा टिकणाऱ्या खाण्याला सर्वांत जास्त मागणी. मंजुरी भाद्रपदात आली तर वर्ष गेलं, हप्ता मात्र लगेच सुरू होतो. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे, वेळेत सेवा दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. अनुदानाच्या प्रत्येक टप्प्याला, म्हणजे पोचपावती, त्रुटी कळवणं, स्थळ तपासणी, बँकेकडे शिफारस, ठरावीक दिवस नेमून ते या कायद्याखाली आणण्याचा प्रस्ताव समितीने शासनाकडे पाठवावा. सगळ्या त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात हेही त्यात असावं. आज एक कागद दिला की दुसरा सांगतात, तो दिला की तिसरा.

आपला जिल्हा या कामासाठी किती तयार आहे, याचा विचार केला की मला अधिकच वाईट वाटतं. मोहोळच्या केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेलं मालदांडी ३५-१ अजून आमच्या काळ्या रानात पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. पिकाचं नाव झालं, मानांकन झालं, संशोधन झालं. तरी मंगळवेढ्याची ज्वारी अजून पोत्यांतूनच बाहेर जाते, आणि तिची भाकरी करून विकणाऱ्या बाईला दोन लाख उभे करता येत नाहीत.

माझी विनंती एवढी आहे. येत्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर चौकशी नोंदवही आणि लेखी नकार हा विषय घ्यावा, आणि सुरुवातीला एकाच तालुक्यात, हवं तर मंगळवेढ्यातच, सहा महिने तो राबवून पाहावा. त्या बैठकीत आम्हा गटांच्या दोन-तीन प्रतिनिधींना बसू द्यावं. आमच्याकडे अडलेल्या अर्जांच्या फाइली आहेत, कोणता कागद कुठे अडला हे प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. त्या घेऊन आम्ही येऊ. बैठकीची तारीख आठवडाभर आधी कळवली तर बरं होईल, म्हणजे बायांना रोजाचं काम त्याप्रमाणे लावून घेता येईल.

आपली नम्र,
बचत गटांची एक लेखनिक,
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर